सामाईक संगणकावर कोड चालवताय? बसायच्या दरापलीकडचा हिशेब

पेडणे किंवा डिचोली तालुक्यात राहून सॉफ्टवेअर शिकत असाल, छोटी-मोठी कामं घेत असाल आणि स्वतःचं मशीन नसेल, तर पर्याय मोजकेच आहेत. विर्नोडा, साखळी किंवा डिचोलीच्या कॉलेजची लॅब. बाजारातला सायबर कॅफे. हरमल-मांद्रे-मोरजी पट्ट्यातली को-वर्किंग जागा. नाहीतर घरच्या जुन्या लॅपटॉपवरून कंपनीच्या सामाईक सर्व्हरवर लॉगिन. कुठेही बसा, त्याच मशीनवर दुसरं कोणीतरी असतं: तुमच्या आधी, तुमच्यानंतर, किंवा सर्व्हर असेल तर अगदी त्याच क्षणी.

नुसता कोड वाचण्या-लिहिण्यात धोका कमी. तो वाढतो बिल्ड करताना आणि टेस्ट चालवताना. त्या वेळी तुमच्या नावाने ढीगभर प्रोग्रॅम सुरू होतात, तात्पुरत्या फाइली पडतात, पोर्ट उघडतात, पासवर्ड इकडून तिकडे जातात. शेजाऱ्याला यातलं बरंच दिसू शकतं. दिसू नये म्हणून जे करायचं, ते जवळपास सगळं फुकट आहे आणि अर्ध्या तासात होतं. पैसे कुठे घालावेत आणि कुठे मुळीच घालू नयेत, तेही सांगतो.

बसण्याआधी विचारा

पहिला प्रश्न: प्रत्येकाला वेगळं लॉगिन आहे का? लॅबमध्ये सगळी मुलं ‘स्टुडंट’ नावाच्या एकाच लॉगिनने बसत असतील, तर विषय तिथेच संपतो. संगणकाच्या लेखी तुम्ही सगळे एकच माणूस. तुमची फाइल ती त्यांची फाइल. पुढे परवानग्यांबद्दल जे काही सांगितलंय, त्याचा तिथे उपयोग नाही. अशा मशीनवर ग्राहकाचं काम उघडूच नका. सराव करा, कॉलेजची असाइनमेंट करा, आणि जाताना काहीही मागे ठेवू नका.

दुसरा प्रश्न: अ‍ॅडमिनचे अधिकार कोणाकोणाकडे आहेत? अ‍ॅडमिनपासून तुमचं काही लपत नाही, त्यावर उपाय नाही. एक जबाबदार माणूस असेल तर ठीक. ‘सगळ्यांनाच दिलेत, नाहीतर सॉफ्टवेअर टाकता येत नाही’ असं उत्तर आलं, तर ते मशीन एकाच लॉगिनच्या मशीनसारखंच समजा. लिनक्स सर्व्हरवर यातच एक छुपी बाब असते: डॉकर. सर्व्हरवरच्या डॉकर ग्रुपमध्ये ज्याचं नाव आहे, तो प्रत्यक्षात रूटच असतो. कंटेनरमध्ये अख्खी डिस्क जोडून तो कोणाचीही फाइल वाचू शकतो. म्हणून नुसतं ‘सुडो कोणाला आहे’ विचारून थांबू नका. डॉकर ग्रुपची यादीही पाहा.

तिसरा: मशीन अपडेट कधी केलं? जानेवारी २०२१ मध्ये सुडो या प्रोग्रॅममध्ये आणि जानेवारी २०२२ मध्ये पोलकिटमध्ये असे दोष उघड झाले, की साध्या लॉगिनवाला कोणीही रूट होऊ शकत होता. दोन्हींची दुरुस्ती लगेच आली. पण अपडेटच न केलेल्या सर्व्हरला तिचा काय उपयोग? उत्तर टोलवलं गेलं तर दुसरी जागा शोधा.

कागदपत्रं

सायबर कॅफेला २०११ चे केंद्राचे नियम लागू आहेत. ओळखपत्र दाखवल्याशिवाय बसू देऊ नये, असं नियम सांगतो. कॉलेजचं ओळखपत्र, मतदार ओळखपत्र, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, आधार, यांपैकी एक पुरे. प्रत ठेवतात, फोटोही काढू शकतात. ओळखपत्र नसलेल्या अल्पवयीन मुलासोबत ओळखपत्र असलेला मोठा माणूस लागतो. तुमची नोंद आणि संगणकाचा लॉग किमान वर्षभर जपणं कॅफेवाल्याला बंधनकारक आहे. ही तुमच्याही सोयीची गोष्ट आहे, का ते शेवटी कळेल.

झेरॉक्स देताना तिच्यावर पेनाने तारीख आणि ‘फक्त सायबर कॅफे नोंदीसाठी’ असं लिहा. आधार देणार असाल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्या. ओळखपत्र न मागणारा कॅफे सोयीचा वाटतो. पण तिथे वहीच नसेल, तर उद्या गडबड झाल्यावर तुमच्या आधी-नंतर कोण बसलं होतं हे कशावरून सांगणार?

बिल्ड करण्याआधी

वेगळं लॉगिन असलेला लिनक्स सर्व्हर धरून चालू. सगळ्यात आधी घरच्या फोल्डरची परवानगी पाहा. उबुंटूमध्ये २१.०४ आवृत्तीच्या आधी नव्या वापरकर्त्याचं होम फोल्डर बाकी सगळ्यांना वाचता येईल असंच तयार व्हायचं. सर्व्हर तेव्हापासून अपग्रेड होत आला असेल, तर जुनी फोल्डरं अजूनही तशीच उघडी असतात. ‘सीएचमॉड ७००’ एकदा चालवा. काम झालं.

मग ‘यूमास्क ०७७’. यापुढे तयार होणारी प्रत्येक फाइल फक्त तुम्हाला वाचता येईल. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आधीच्या फाइली यामुळे बदलत नाहीत. आणि इतरांनी वापरायचा प्रोग्रॅम तुम्ही याच सेटिंगमध्ये इन्स्टॉल केलात, तर त्यांना तो चालणार नाही आणि तुम्हाला फोन येतील. म्हणून बिल्डच्या टर्मिनलपुरतंच ठेवा.

तिसरी गोष्ट टेम्प फोल्डर. ते सगळ्यांचं असतं. दुसऱ्याची फाइल तिथून पुसता येत नाही, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण परवानगी सैल असेल तर वाचता नक्की येते. शिवाय तुमची स्क्रिप्ट ‘टेस्ट-आउटपुट’ अशा ठरलेल्या नावाने फाइल बनवत असेल, तर त्याच नावाची फाइल किंवा लिंक आधीच पेरून ठेवता येते. नव्या लिनक्स कर्नलमध्ये याला आडकाठी आहे, पण ती चालू असेलच असं धरू नका. होममध्ये स्वतःचं टेम्प फोल्डर करा, ‘टीएमपीडीआयआर’ तिकडे वळवा, स्क्रिप्टमध्ये नावं ‘एमकेटेम्प’ने घ्या. जावावाल्यांनी जेयुनिटची आवृत्ती तपासावी. ४.१३.१ च्या आधीच्या जेयुनिटमध्ये टेस्टसाठी बनणारं तात्पुरतं फोल्डर युनिक्स-लिनक्सवर इतरांना वाचता यायचं. २०२० मध्ये ते दुरुस्त झालं. अभ्यासक्रमाच्या जुन्या प्रोजेक्टमध्ये जुनी आवृत्ती अजून सापडेल.

पासवर्ड कमांडच्या ओळीत कधीच लिहू नका. हा प्रकार जवळून पाहायचा असेल, तर सर्व्हरवर दोन टर्मिनल उघडा. एकात असा कोणताही प्रोग्रॅम चालवा, ज्याला तुम्ही पासवर्ड त्याच ओळीत दिलाय. दुसऱ्यात प्रोसेसची यादी काढा. काही प्रोग्रॅम आपला पासवर्ड यादीतून पुसायचा प्रयत्न करतात, तरी सुरुवातीचा क्षणभर तो दिसतोच. बाकीचे तेवढंही करत नाहीत. तुमची ओळ जशीच्या तशी, पासवर्डसकट, समोर येते. अ‍ॅडमिनने यादी बंद केलेली नसेल, तर तीच ओळ लॉगिन असलेल्या कोणालाही दिसते. वर ती कमांडच्या हिस्टरीतही साठते. पासवर्ड फाइलमध्ये ठेवा, फाइलला ६०० परवानगी द्या. पोस्टग्रेस याबाबतीत शिस्तीचं आहे. त्याच्या ‘पीजीपास’ फाइलची परवानगी सैल असेल तर ते ती फाइल सरळ दुर्लक्षित करतं.

पॅकेज टाकताना ‘सुडो पिप’ किंवा ‘सुडो एनपीएम’ हा शॉर्टकट मारू नका. पॅकेज बसताना त्याची स्वतःची स्क्रिप्ट चालू शकते. ती रूट म्हणून चालली, तर तुमच्या चुकीचा भुर्दंड अख्ख्या लॅबला. पायथनसाठी व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, नोडसाठी प्रोजेक्टचंच फोल्डर. दोन्ही फुकट, दोन्हींना अ‍ॅडमिन लागत नाही.

टेस्ट चालवताना

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, कारण ‘लोकलहोस्ट’ म्हणजे आपलं खासगी, असा समज आहे. १२७.०.०.१ हा पत्ता बाहेरच्या जगासाठी बंद असतो, पण त्या मशीनवर लॉगिन असलेल्या प्रत्येकासाठी उघडा असतो. तुम्ही टेस्टसाठी विनापासवर्ड डेटाबेस चालू केलात, तर शेजारचा त्यात सहज शिरतो.

हे खुद्द पोस्टग्रेसच्या बाबतीत घडलंय. त्याचा सोर्स बिल्ड करून ‘मेक चेक’ चालवलं, की टेस्टपुरता एक तात्पुरता सर्व्हर उभा राहायचा, आणि त्याच मशीनवरच्या कोणालाही तो पासवर्ड न मागता सुपरयूजर म्हणून आत घ्यायचा. डेटाबेसच्या सुपरयूजरला त्या सर्व्हरमार्फत फाइली वाचता येतात, कमांड चालवता येतात, आणि तो सर्व्हर चाललेला असतो तुमच्या खात्यावरून. थोडक्यात, टेस्ट चालू असेपर्यंत शेजाऱ्याला तुमचं अख्खं खातं मोकळं. २० फेब्रुवारी २०१४ रोजी प्रकल्पाने हे जाहीर केलं. सीव्हीई-२०१४-००६७ हा त्याचा क्रमांक. पक्की दुरुस्ती नंतरच्या आवृत्त्यांत आली: लिनक्सवर टेस्ट सर्व्हर सामाईक टेम्प फोल्डरऐवजी खासगी फोल्डरमधल्या सॉकेटवर ऐकू लागला, विंडोजवर लॉगिनची खातरजमा होऊ लागली.

तुमच्या टेस्टलाही हाच नियम लावा. डेटाबेस पोर्टवर न ठेवता ७०० परवानगीच्या फोल्डरमधल्या युनिक्स सॉकेटवर चालवा. पोर्ट लागलाच तर पासवर्ड ठेवा, टेस्टपुरता असला तरी. रेडिस ६३७९ वर आणि मोंगो २७०१७ वर, नुसते बसवले तर लोकलहोस्टवरच्या कोणालाही पासवर्ड विचारत नाहीत. नोड ‘इन्स्पेक्ट’ लावून चालवलं, की ९२२९ पोर्टवर डीबगर उघडतो आणि तिथे जोडणारा तुमच्या नावाने हवा तो कोड चालवू शकतो. जुपिटर आपणहून टोकन मागतो. ‘कटकट नको’ म्हणून ते बंद करायचा सल्ला मिळेल, ऐकू नका.

विंडोजच्या लॅबमध्ये झॅम्प असतंच. त्यात मायएसक्यूएलचा रूट मुळात विनापासवर्ड येतो, आणि सगळ्यांचे प्रोजेक्ट एकाच ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये पडतात. शिकण्यासाठी ठीक आहे. त्यात डिचोलीतल्या एखाद्या दुकानदाराची खरी ग्राहकयादी, फोन नंबरांसकट, ‘फक्त टेस्टला’ म्हणून भरणं मुळीच ठीक नाही. टेस्टसाठी खोटी नावं, खोटे नंबर बनवा. पायथनची ‘फेकर’ लायब्ररी ते काही मिनिटांत करून देते. खऱ्या माणसांची माहिती बाहेर गेली, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, सुरक्षेत हयगय केल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानदारावर एवढा दंड बसेल असं नव्हे. पण त्याच्यावर चौकशीची वेळ आली, तर तो बोट तुमच्याकडेच दाखवेल.

गिटबद्दलही ऐका. एप्रिल २०२२ मध्ये उघड झालं, की सामाईक विंडोज मशीनवर कोणीही सी ड्राइव्हच्या मुळाशी ‘डॉट गिट’ फोल्डर ठेवून, तुम्ही गिट चालवताच आपल्या कमांड तुमच्या खात्यावरून चालवू शकतो. गिट २.३५.२ पासून दुसऱ्याच्या मालकीचं रेपो दिसलं, की गिट थांबतं आणि मालकी संशयास्पद असल्याचं सांगतं. लोक त्यावर ‘सेफ डिरेक्टरी’मध्ये चांदणी टाकून इशाराच बंद करतात. तसं करू नका. जे फोल्डर खरंच तुमचं आहे, तेवढ्याचंच नाव द्या.

पावसाळ्यातली आणखी एक गोष्ट. टेस्ट नीट संपली, तरच स्क्रिप्ट मागचा पसारा आवरते. मध्येच वीज गेली, तर टेस्टचा डेटाबेस, लॉग, तात्पुरत्या फाइली सगळं तसंच पडून राहतं. वीज आल्यावर टेस्ट पुन्हा सुरू करण्याआधी आधीचं साफ करा. यूपीएस नाही म्हणून वैतागून घरी निघून गेलात, तर ते रात्रभर तिथेच असतं.

उठताना

लॅबमधला नेहमीचा प्रकार सांगतो. सकाळच्या बॅचमधली मुलगी गिटहबवर कोड पुश करते. विंडोज तिची ओळख क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवून देतं. दुपारचा मुलगा त्याच लॉगिनने बसतो, पुश करतो, आणि गिट काहीही न विचारता तिच्या खात्यावरून काम करतं. तिच्या खासगी रेपोही त्याला खुल्या. ब्राउझरमधून लॉगआउट केल्याने हे जात नाही, इनकॉग्निटोचाही इथे संबंध नाही. कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये गिटहबची नोंद शोधा, काढून टाका. मग फोनवरून गिटहबच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या मशीनचं सेशन आणि अ‍ॅपचा परवाना रद्द करा. त्याहून बरं म्हणजे सामाईक मशीनसाठी वेगळं टोकन: एकाच रेपोपुरतं, सात दिवसांत संपणारं.

बाकी: चालू प्रोसेस बंद, टीमक्स बंद, क्रॉन रिकामा, एसएसएचची खासगी किल्ली मागे नाही, डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन साफ, व्हॉट्सअ‍ॅप वेबचं जोडलेलं उपकरण फोनवरून काढलेलं. पाच मिनिटं. कॅफेत शेवटची पाच मिनिटं यासाठी राखून ठेवा, वेळ संपल्यावर स्क्रीन आपोआप कुलूपबंद होते.

किती पैसे, कशावर

शून्य रुपये: गिटहबच्या खासगी रेपो, व्हीएस कोड, पायथन, ओपनजेडीके. यांपैकी काहीही ‘इन्स्टॉल करून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका, आणि ‘फुल पॅकेज’च्या नावाने क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर फुकट दिलं तरी घेऊ नका.

शून्य रुपये, पण मर्यादेत: गिटहब कोडस्पेसेस. वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास, म्हणजे दोन कोअरच्या मशीनवर ६० तास, आणि १५ जीबी साठा. बिल्ड आणि टेस्ट दूरच्या, फक्त तुमच्या मशीनवर होतात. कॅफेच्या संगणकावर उरतो फक्त ब्राउझर, तो इनकॉग्निटोत उघडा. अर्थात कळफलकावर पाळत असेल तर हाही उपाय लुळा पडतो, म्हणून दोन टप्प्यांचं लॉगिन लावाच. स्वयंचलित टेस्टसाठी गिटहब अ‍ॅक्शन्स, खासगी रेपोंना महिन्याला २,००० मिनिटं. कार्ड जोडलं नसेल तर कोटा संपल्यावर काम थांबतं, बिल येत नाही. म्हणून शिकत असताना कार्ड जोडूच नका. बंद ठेवलेली कोडस्पेसही साठ्याची जागा खात राहते. लागत नसेल तर पुसा.

स्वतःचा छोटा व्हीपीएस: परदेशी कंपन्यांकडे महिना ४ ते ६ डॉलरपासून. वर १८ टक्के जीएसटी, वर बँकेचा परकीय चलन आकार, बहुधा २ ते ३.५ टक्के. ६ डॉलरचा सर्व्हर साडेसहाशेच्या घरात जातो. छुपी मेख अशी, की बऱ्याच ठिकाणी सर्व्हर नुसता ‘बंद’ केला तरी मीटर चालू राहतो. नको असेल तेव्हा डिलीट करावा लागतो.

स्वतःचं मशीन: व्यवसायाच्या मालिकेतला, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना लॅपटॉप साधारण १५ ते २५ हजारांत मिळतो. घेताच डिस्क पुसून नव्याने सिस्टिम टाका आणि डिस्क एन्क्रिप्शन चालू करा. ग्राहकाकडून पैसे घेऊन काम करत असाल, तर पहिली कमाई इथेच घाला, असं मी ठामपणे सांगेन. को-वर्किंगचे काही महिन्यांचे पास आणि या लॅपटॉपची किंमत शेजारी मांडून बघा.

को-वर्किंगला जाणारच असाल तर दर ऐकून भुलू नका. विचारा: दरात जीएसटी धरलाय का, अनामत किती आणि कधी परत, वीज गेली तर जनरेटर आहे का, छपाई वेगळी का, आणि त्यांचं सामाईक मशीन वापरलं तर दोन ग्राहकांमध्ये ते पुसलं जातं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नसेल, तर त्यांचं फक्त टेबल आणि वायफाय घ्या, मशीन नको.

गडबड झालीच तर

आधी फोनवरून, दुसऱ्या मशीनवरून नव्हे: पासवर्ड बदला, टोकन रद्द करा, क्लाउडच्या किल्ल्या रद्द करा. क्लाउडची किल्ली पहिली, कारण तिच्यावर दुसऱ्याने चढवलेलं बिल तुमच्या कार्डावर येतं. मग ग्राहकाला कळवा. मग लॅब किंवा कॅफेला लेखी सांगा, की अमुक तारखेचा लॉग पुसू नका. मशीन फॉरमॅट करायला कोणी निघालं असेल तर थांबवा.

पैसे गेले असतील तर लगेच १९३०. बाकी तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. गोव्याचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. तक्रारीला पैसे लागत नाहीत. ‘लवकर लावून देतो’ म्हणणाऱ्या एजंटला एक रुपयाही देऊ नका. सोबत ओळखपत्र, स्क्रीनशॉट, वेळ लिहिलेला घटनाक्रम, कॅफेची पावती न्या. तुमची नोंदणीकृत कंपनी असेल, तर अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवण्याचं बंधन २०२२ पासून आहे.

दुसऱ्याच्या संगणकात परवानगीशिवाय शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं. ते लबाडीने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे तुम्हालाही लागू आहे. ‘सर्व्हर किती कच्चा आहे ते दाखवतो’ म्हणून मित्राच्या फोल्डरमध्ये शिरून दाखवू नका. दोष दिसला तर अ‍ॅडमिनला लेखी कळवा आणि थांबा.

नुकसानभरपाई हवी असेल तर वाट वेगळी: राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे कायद्याने निर्णय अधिकारी असतात, ५ कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. फी दाव्यावर ठरते. १० हजारांपर्यंत १० टक्के. ५० हजारांपर्यंत १,००० रुपये अधिक १० हजारांवरच्या रकमेचे ५ टक्के. एक लाखापर्यंत ३,००० अधिक ५० हजारांवरच्या रकमेचे ४ टक्के. त्यापुढे ५,००० अधिक लाखावरच्या रकमेचे २ टक्के. म्हणजे ५० हजारांच्या दाव्याला ३,००० रुपये. शक्यतो चार महिन्यांत आणि एकूण सहा महिन्यांत निकाल लागावा, असं नियम सांगतात. अर्जाला लॉगची प्रत, ग्राहकाचे ईमेल आणि भरलेली बिलं जोडा, आणि बिलांनी सिद्ध होईल तेवढाच आकडा मागा. फुगवून मागितलात तर फी फुगलेल्या आकड्यावर आजच भरावी लागते.